‘एकदा सबमिशन होऊ दे’ म्हणत थांबू नका

पीएचडीच्या शेवटच्या वर्षात असलेल्या कुणाशीही बोला, एक वाक्य हटकून ऐकू येतं : ‘एकदा सबमिशन होऊ दे.’ नोकरीचे अर्ज? सबमिशन झालं की बघू. मैत्रिणीचं लग्न नाशिकला आहे. जमणार नाही, सबमिशननंतर निवांत भेटू. दाढ दुखतेय, चष्म्याचा नंबर वाढलाय, सिंहगड चढून दोन पावसाळे उलटले, सगळं सबमिशननंतर. हे वाक्य आळसातून येत नाही, कामाच्या ओझ्यातून येतं, म्हणून ते टाकून देणं जड जातं. पण शेवटच्या वर्षाचं सगळ्यात जास्त नुकसान हेच वाक्य करतं, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रबंध, नोकरीचा शोध आणि स्वतःचं जगणं या तीन गोष्टी एकीमागून एक करायच्या ठरवल्या, तर तिन्ही लांबतात. एकाच वर्षात शेजारी शेजारी ठेवल्या, तर तिन्ही चालतात. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत प्रबंधाच्या अखेरीस पोचलेल्या मुलामुलींसाठी, आणि नोकरी-संसार सांभाळून पीएचडी करणाऱ्या मोठ्यांसाठीही, हे कसं करता येईल ते इथे सांगायचं आहे.

मुळात सबमिशन हा शेवट नसतो. प्रबंधाच्या प्रती परीक्षा विभागात दिल्या आणि पोच हातात पडली, की तिथून विद्यापीठाचं काम सुरू होतं. किमान दोन बाह्य परीक्षक प्रबंध वाचतात आणि अहवाल पाठवतात. एकाचा अहवाल प्रतिकूल आला, तर प्रबंध आणखी एका परीक्षकाकडे जातो. अहवाल अनुकूल असले तर व्हायवाची तारीख ठरते, व्हायवा होते, प्रबंधाची ई-प्रत शोधगंगेसाठी इन्फ्लिबनेटकडे जाते आणि मग नोटिफिकेशन निघतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीप्रमाणे प्रबंध दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत हे सगळं पुरं व्हायला हवं. प्रत्यक्षात अहवाल रेंगाळतात, परीक्षकांना स्मरणपत्रं जातात आणि मुदत ओलांडली जाते. ज्याने सगळं ‘सबमिशननंतर’वर टाकलेलं असतं, त्याच्या हाती त्या दिवशी पदवीही नसते आणि नोकरीही नसते. फेलोशिप असेल, तर तीही सहसा तिथेच थांबते.

म्हणून वर्षाचं कॅलेंडर शेवटाकडून मागे मांडत या. नोटिफिकेशन तुम्हाला कधी हातात हवं आहे, तिथून सुरुवात करा. समजा, जून-जुलैत नवं शैक्षणिक वर्ष सुरू होताना ते जवळ असावं असं वाटतं. मग मधले सात-आठ महिने विद्यापीठाचे धरले, तर सबमिशन आधीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात व्हायला हवं. त्याआधी संशोधन सल्लागार समितीपुढचं सादरीकरण, सिनॉप्सिस, प्लॅगरिझम रिपोर्ट, नो-ड्यूज यांचे दोन महिने. वाचन आणि दुरुस्त्यांचा वेळही धरला, तर गाईडच्या टेबलावर अख्खा कच्चा मसुदा त्याआधीच्या जून-जुलैत पडायला हवा. विद्यापीठागणिक टप्प्यांचा क्रम आणि नावं बदलतात, त्यामुळे पीएचडी विभागातल्या लिपिकाशी एकदा नीट बसून बोला. कुठला फॉर्म कुणाच्या सहीने कुठे जातो आणि समितीची बैठक महिन्यातून किती वेळा होते, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. बैठक एका दिवसाने हुकली, तर महिना जातो.

नोंदणीची मुदतही याच कागदावर लिहून ठेवा. २०२२ च्या नियमांत पीएचडीसाठी किमान तीन आणि कमाल सहा वर्षं आहेत. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्याखेरीज आणखी दोन वर्षांची सवलत आहे, मात्र एकूण काळ दहा वर्षांपुढे जाता कामा नये. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. हे नियम येण्यापूर्वी ज्यांची नोंदणी झाली, त्यांना २००९ किंवा २०१६ चे नियम लागू असतात. आपण कुठल्या नियमांत बसतो, हे शेवटच्या वर्षातही नक्की माहीत नसणारे संशोधक मी बरेच पाहिले आहेत. एका ई-मेलने मिटणारा प्रश्न आहे, तो आजच मिटवा.

आता पैशांचं. यूजीसीची जेआरएफ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ म्हणून ४२,००० रुपये आहे. कमाल मुदत पाच वर्षं. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या फेलोशिपचेही आपापले नियम आहेत, आणि सगळ्यांच्या बाबतीत रक्कम वेळेवर जमा होईलच याची खात्री नसते. सबमिशन ते नोकरी या मधल्या काळात खोलीचं भाडं आणि मेसचं बिल कुठून द्यायचं, याचा विचार वर्षभर आधी करायला हवा. शेवटच्या वर्षात दरमहा सहा-सात हजार बाजूला पडले, तर मधले काही महिने निभावतात. वसतिगृहाची खोली सबमिशननंतर किती दिवस ठेवता येते, तेही विचारून ठेवा. पैशांच्या काळजीत कुणाचंही लिहिणं चांगलं होत नाही, आणि याच काळजीपोटी माणूस समोर येईल ती पहिली नोकरी पकडतो.

प्रबंधाचं उरलेलं काम दोन प्रकारचं असतं, आणि ते वेगळं काढलं की निम्मा ताण उतरतो. एक डोक्याचं काम : शेवटचं विश्लेषण, निष्कर्षाचं प्रकरण, प्रस्तावनेत आपण नेमका कोणता प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर दिलं की नाही, हे तपासणं. दुसरं हाताचं काम : संदर्भसूची, तळटीपा, तक्त्यांचे क्रमांक, आकृत्यांखालच्या ओळी, समास, बायंडिंग. डोक्याच्या कामाला दिवसातले तुमचे सर्वांत ताजे तीन तास द्या, सलग, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. कुणाची ती वेळ पहाटेची असते, कुणाची रात्री दहानंतरची. हाताचं काम थकलेल्या संध्याकाळीही होतं. बहुतेक जण उलटं करतात : सकाळी उत्साहात संदर्भसूची लावतात, कारण त्यात काहीतरी पुढे सरकल्याचं समाधान मिळतं, आणि निष्कर्ष रात्रीवर ढकलतात. शिवाय पहिलं प्रकरण पुन्हा पुन्हा उघडून घासत बसण्याची ओढ आवरा. आधी निष्कर्षाचं प्रकरण लिहा, कच्चं का होईना. ते लिहिलं की आधीच्या प्रकरणांतलं काय ठेवायचं आणि काय काढायचं, ते आपोआप कळतं.

प्लॅगरिझमचा बाऊ नको आणि हेळसांडही नको. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. दहा ते चाळीस टक्क्यांमध्ये असाल, तर सुधारलेला प्रबंध ठरावीक मुदतीत पुन्हा द्यावा लागतो, साठ टक्क्यांपुढे नोंदणीच रद्द होते. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, ऋणनिर्देश या मोजणीत धरत नाहीत. साम्य बहुधा पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात आणि संशोधनपद्धतीच्या वर्णनात सापडतं. तेव्हा सगळा प्रबंध एकदम तपासायला देण्यापेक्षा एकेक प्रकरण झालं, की ग्रंथालयात देऊन पाहा. शेवटच्या आठवड्यात २३ टक्क्यांचा रिपोर्ट हाती आला, तर घाईघाईत शब्द बदलले जातात आणि प्रबंधाची भाषा विद्रूप होते.

गाईडशी बोलण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण शेवटच्या वर्षातल्या बहुतेक रखडगाड्या इथे अडकतात. आपल्याकडे गाईडकडे तारीख मागणं उद्धटपणाचं वाटतं. प्रकरण देऊन यायचं आणि ते बोलावतील तेव्हा जायचं, अशी रीत पडली आहे. पण त्यांच्याकडे तुमच्यासारखे आणखी सात जण आहेत, परीक्षेचे पेपर आहेत, नॅकची कामं आहेत. तारीख दिली की त्यांचीही सोय होते. ई-मेलमध्ये एवढंच लिहा : ‘सर, चौथं प्रकरण सोबत पाठवत आहे. तुमच्या सूचना २० तारखेपर्यंत मिळाल्या, तर मी महिनाअखेर दुरुस्त्या करून पाचव्याला हात घालेन. २१ किंवा २२ तारखेला अर्धा तास भेटू शकाल का?’ मॅडम असतील तर मॅडम. सूर विनयाचा असतो, तारीखही स्पष्ट असते. प्रत्येक भेटीनंतर काय ठरलं, ते चार ओळींत लिहून पाठवा. पुढच्या भेटीत ‘हे मी सांगितलंच नव्हतं’ असा प्रसंग येत नाही.

इथेच या वर्षातली खरी मोकळी जागा सापडते. अख्ख्या शेवटच्या वर्षात तुमचं स्वतःचं काम जितकं असतं, जवळजवळ तितकंच वाट पाहणं असतं. गाईड प्रकरण वाचत असतात, समितीची तारीख ठरायची असते, रिपोर्ट यायचा असतो, नमुन्यांची चाचणी दुसऱ्या संस्थेत रांगेत असते. हे दिवस सुटे सुटे येतात म्हणून नजरेत भरत नाहीत. लोक ते अस्वस्थपणे फोनवर घालवतात, किंवा झालेलं प्रकरण पुन्हा उघडून बिघडवतात. नोकरीची तयारी आणि भटकणं, दोन्हींची जागा या दिवसांत आहे. प्रकरण गाईडकडे गेलं, की पुढचा दीड दिवस पूर्ण सुट्टी आणि त्यानंतरचा आठवडा नोकरीच्या कामाला, एवढा एक नियम घालून घ्या. प्रबंधाच्या तासांना धक्का न लावता वर्षभरात बरेच आठवडे हाती लागतील.

नोकरीच्या बाबतीत पहिला निर्णय असा घ्यायचा : प्राध्यापकी हा आपला एकमेव रस्ता आहे, की अनेकांपैकी एक? उत्तर स्वतःला खरं द्या. महाराष्ट्रातल्या अनुदानित महाविद्यालयांत पूर्णवेळ जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात, भरती शासनाच्या परवानगीवर अडते, आणि एका जागेला अर्ज शेकड्यांनी येतात, हे तुम्ही पाहताच आहात. तरी ज्यांना शिकवायचंच आहे, त्यांनी नेट किंवा सेट राहिली असेल, तर ती शेवटच्या वर्षाच्या योजनेत धरावी. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदाच्या थेट भरतीला नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अट आहे, पीएचडी ऐच्छिक. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. पीएचडीपर्यंत आलेल्याला आपल्या विषयाचा दुसरा पेपर जड जात नाही, पहिला पेपर मात्र सरावाशिवाय सुटत नाही.

जाहिरात आल्यावर अर्जाला मिळणारे दिवस थोडे असतात, म्हणून कागदपत्रांची एक फाइल आधीच तयार हवी. सगळ्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्रं, नेट-सेटचा निकाल, शोधनिबंधांच्या पहिल्या पानांच्या प्रती, परिषदांची प्रमाणपत्रं, आरक्षणाचा लाभ घेणार असाल तर जातवैधता आणि लागू असल्यास नॉन-क्रीमीलेअर, तीही मुदतीतली. शिकवण्याचा अनुभव असेल, तर त्याचं नेमणूकपत्र आणि विद्यापीठ मान्यतेचं पत्र. व्हायवा झाल्याबरोबर प्रोव्हिजनल सर्टिफिकेट मागून घ्या, आणि तुमची पीएचडी यूजीसीच्या कोणत्या नियमांनुसार झाली आहे, याचा उल्लेख त्यात आहे ना, हे खिडकीवरच वाचून पाहा. मुलाखतीच्या दिवशी या एका ओळीवरून अडलेले उमेदवार असतात.

तासिका तत्त्वावरचं काम, म्हणजे सीएचबी, घ्यावं की नाही? शिकवण्याची सवय होते, विभागात ओळख होते, ते खरं. पण मोबदला तासांप्रमाणे मिळतो, सुट्टीच्या महिन्यांत काहीच मिळत नाही आणि अनेक महिन्यांचं बिल एकदम निघतं. शेवटच्या वर्षात आठवड्याच्या दोन दिवसांपेक्षा जास्त सीएचबी घेऊ नये, असं मी ठामपणे सांगेन. फेलोशिप चालू असेल, तर दुसरं मानधन घेता येतं का, ते आधी विचारा. आणि प्रबंध जमा होण्याआधी तीन महाविद्यालयांत मिळून आठवडाभर तास घेणाऱ्यांचा प्रबंध पुढच्या वर्षावर जातो, हे जवळपास ठरलेलं आहे.

पोस्ट-डॉकला जायचं असेल, तर तारखा फार आधी पाहाव्या लागतात. आपल्याकडची नॅशनल पोस्ट-डॉक्टोरल फेलोशिप आता अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानकडे आहे. ती दोन वर्षांची असते, आणि प्रबंध दाखल करून पदवीची वाट पाहणाऱ्यांनाही अर्ज करता येतो. युरोपातल्या मारी क्युरी पोस्ट-डॉक्टोरल फेलोशिपची मुदत दर वर्षी साधारण सप्टेंबरात संपते, आणि त्या तारखेपर्यंत व्हायवा यशस्वी झालेली असावी लागते. म्हणजे व्हायवा ऑगस्टात की ऑक्टोबरात, यावर अख्खं वर्ष अवलंबून असतं. तिकडच्या प्राध्यापकांना ई-मेल मात्र सात-आठ महिने आधी जायला हवा. त्यांचा एक शोधनिबंध नीट वाचून, त्यातल्या कुठल्या प्रश्नावर तुम्हाला काम करायचं आहे, ते दोन परिच्छेदांत सांगा. पन्नास जणांना तोच मजकूर पाठवून काही होत नाही.

विज्ञान शाखांच्या मुलांना औषधनिर्माण आणि रसायन उद्योग, डेटाची कामं, पेटंटची कामं हे रस्ते ठाऊक असतात. भाषा, इतिहास, समाजशास्त्र करणाऱ्यांना मात्र वाटतं, की महाविद्यालयाबाहेर आपल्याला कुणी विचारणार नाही. तसं नाही. पुण्यात डेक्कन कॉलेजात संस्कृत महाकोशाचं काम १९४८ पासून चालू आहे, १९१७ मध्ये स्थापन झालेली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था हस्तलिखितं सांभाळते आहे, वाईला मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. शिवाय प्रकाशनसंस्था, संग्रहालयं, शिक्षण आणि आरोग्यावर काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्था, अनुवाद आणि भाषातंत्रज्ञान. या ठिकाणी जाहिराती क्वचित निघतात. तिथे काम करणाऱ्या माणसाला भेटून, त्याचं रोजचं काम काय असतं, हे विचारावं लागतं. महिन्यातून अशा दोन भेटी केल्या, तरी वर्षअखेर तुमच्याकडे पंधरा-वीस माणसांची खरी ओळख असेल. नोकरी मागायला जाऊ नका, माहिती विचारायला जा. बहुतेक लोक आनंदाने सांगतात.

अशा भेटींसाठी आणि मुलाखतींसाठीही, आपलं संशोधन सांगायच्या तीन आवृत्त्या तयार ठेवा. एक आपल्या विषयातल्या तज्ज्ञासाठी, पाच मिनिटांची. दुसरी निवड समितीत बसलेल्या, दुसऱ्या विषयाच्या प्राचार्यांसाठी, दोन मिनिटांची. तिसरी कंपनीतल्या किंवा संस्थेतल्या माणसासाठी, ज्याला तुमच्या विषयापेक्षा तुम्ही काय करू शकता, यात रस आहे. पाच वर्षांत तुम्ही चारशे लोकांच्या मुलाखती घेतल्यात, विस्कळीत माहिती तक्त्यांत बसवलीत, खर्चाचा हिशोब ठेवलात, नकार पचवून शोधनिबंध पुन्हा पाठवलात. याला बाहेर किंमत आहे, पण ती ‘अमुक तालुक्यातील तमुक घटकाचा चिकित्सक अभ्यास’ या शीर्षकावरून कुणाला कळत नाही. सीव्हीही दोन हवेत : विद्यापीठांसाठी सविस्तर, बाहेरच्यांसाठी दोन पानांचा. शिफारसपत्रं कोण देणार, ते सबमिशनच्या आधी ठरवा. गाईडखेरीज निदान एक व्यक्ती अशी असावी, जिने तुम्हाला काम करताना पाहिलं आहे.

आता सुट्टीबद्दल, जिला बहुतेक जण या वर्षात गुन्हा समजतात. दिवसाचे बारा तास लॅपटॉपसमोर बसणाऱ्याचं लिखाण सहा तास बसणाऱ्याच्या दुप्पट होत नाही, हे तुम्ही स्वतःच्या फाइलींच्या तारखा पाहून पडताळू शकता. थकलेल्या डोक्याने केलेली दुरुस्ती दुसऱ्या दिवशी पुन्हा दुरुस्त करावी लागते. पण मला सुट्टीची बाजू केवळ कामाच्या फायद्यासाठी मांडायची नाही. तुमच्या वयाची ही वर्षं पुन्हा येणार नाहीत. विद्यापीठाचा परिसर, रात्री चहावर तासन्‌तास चाललेले वाद, एका विषयाने झपाटलेले मित्र, ही सोबत नोकरी लागल्यावर पांगते. ती शेवटच्या वर्षात भोगली नाही, तर नंतर भोगता येत नाही.

वर्षाच्या कॅलेंडरवर प्रबंधाच्या तारखांबरोबर आनंदाच्या तारखाही आधीच टाका, शाईने. पुण्यात असाल, तर ज्येष्ठाच्या अखेरीस पालख्या येतात, पावसाळ्यात वेताळ टेकडी हिरवी होते, पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका भरत नाट्य मंदिरात रंगतात, डिसेंबरात सवाई गंधर्व, जानेवारीत पिफ हा चित्रपट महोत्सव. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव तुमच्या हाकेच्या अंतरावर होतो आणि चार-पाच वर्षं पुण्यात राहून तुम्ही एकदाही गेला नाहीत, असं होऊ देऊ नका. मुंबईत असाल तर पृथ्वी थिएटर, काळा घोडा. कोल्हापुरात रंकाळा आणि पन्हाळा, संभाजीनगरात वेरूळ. यांतल्या बऱ्याच गोष्टींना खर्चही फारसा येत नाही. आठवड्यात एक संध्याकाळ आणि महिन्यात एक पूर्ण दिवस, एवढं ठरवून घ्या. त्या दिवशी बॅगेत लॅपटॉप नको, ‘गडावर बसून एक पेपर वाचेन’ असाही बेत नको. अर्धवट सुट्टीत विश्रांती होत नाही आणि कामही होत नाही.

रोजच्या दिवसालाही एक शेवट असू द्या. संध्याकाळी सातला किंवा आठला फाइल बंद करताना, उद्या पहिलं वाक्य कशाबद्दल लिहायचं, ते खाली एका ओळीत लिहून ठेवा. सकाळी सुरुवातीला जाणारा तास वाचतो आणि रात्री जेवताना डोक्यात प्रबंध घोळत नाही. व्यायामाचंही तेच, अर्धा तास चालणं पुरे.

घरच्यांशी बोलणं हा स्वतंत्र विषय आहे. ‘कधी संपणार?’ हा प्रश्न आई-बाबा काळजीपोटी विचारतात, पण तो टोचतो. त्यांना सिनॉप्सिस, समिती, नोटिफिकेशन हे काही माहीत नसतं. त्यांना त्रोटक उत्तर देण्याऐवजी एकदा सुट्टीत घरी गेल्यावर कागदावर टप्पे काढून दाखवा : हे झालं, हे चाललंय, हे विद्यापीठाच्या हातात आहे. पुढच्या वेळी आई विचारेल, ‘समितीची तारीख मिळाली का गं?’ या प्रश्नात सोबत असते. मुलींच्या बाबतीत लग्नाचा विषय नेमका याच वर्षी घरात जोर धरतो, आणि लग्न झालेल्या बायकांवर स्वयंपाकघर, मुलं, सासरचे सणवार यांचा भार तसाच राहून प्रबंधाचा भार वर येतो. अशा घरांतल्या नवऱ्यांना आणि सासू-सासऱ्यांना कळकळीने सांगायचं आहे : सहा महिन्यांसाठी रोजचे तीन तास तिचे म्हणून घराने बांधून द्या. त्या वेळात दार वाजवू नका, कुकरही तिने लावायचा नाही. ‘तू कर ना अभ्यास, कोण अडवतंय’ या बोलण्याने प्रबंध होत नाही.

कधीतरी तीनही गोष्टी एकाच आठवड्यात अंगावर येतील : गाईडच्या दुरुस्त्या, मुलाखतीचं पत्र आणि जवळच्या मित्राचं लग्न. तेव्हा आधी पाहा, यांतली कुठली तारीख कुणालाच हलवता येणार नाही. मुलाखतीची तारीख हलत नाही, लग्नाचीही नाही. गाईडच्या दुरुस्त्यांची मुदत, समितीची तारीख जोडलेली नसेल, तर एका विनंतीवर आठवडाभर पुढे जाते. मुलाखतीच्या आधीचे तीन दिवस प्रबंध पूर्ण बंद ठेवा. त्या काळात लिहिलेलं तसंही टिकत नाही. सबमिशनच्या आधीचे पाच-सहा आठवडे मात्र अपवाद. तेव्हा नवे अर्ज थांबवा, फिरणं कमी करा, मित्रांना तसं सांगून टाका. मुद्रितं वाचायला दोन मित्रांना पकडा, त्यांतला एक तुमच्या विषयाबाहेरचा असावा. स्वतःच्या चुका स्वतःला दिसत नाहीत. प्रत्येक दुरुस्तीनंतर फाइलला तारीख घालून तीन ठिकाणी जपून ठेवा.

आणि समजा, नोकरी आधीच मिळाली, सबमिशनला चार महिने असताना? मोह मोठा असतो. रुजू होण्याची तारीख मागून घेता येते का, ते विचारा. दोन-तीन महिने द्यायला पुष्कळ ठिकाणं तयार होतात. ते शक्य नसेल, तर अख्खा कच्चा मसुदा तयार होण्याआधी रुजू होऊ नका. मसुदा तयार असेल, तर संध्याकाळी आणि रविवारी दुरुस्त्या होतात. मसुदाच अर्धा असेल, तर नव्या नोकरीतून परत येऊन तो पूर्ण करणारे थोडेच, आणि अनेकांची नोंदणी तशीच संपून गेली आहे.

काही दिवस कशानेच जमत नाही. झोप लागत नाही, भूक मरते, फाइल उघडायचीच भीती वाटते, मित्रांचे फोन टाळावेसे वाटतात. असं दोन आठवडे टिकलं, तर त्याला शेवटच्या वर्षाचा साधा ताण समजून सोडून देऊ नका. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात जा. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं. गाईडला सगळं सांगायची गरज नाही, ‘तब्येतीमुळे पंधरा दिवस हवेत’ एवढं पुरतं. आणि तुमचा प्रयोगशाळेतला शेजारी किंवा वसतिगृहाच्या खोलीतली मैत्रीण अशी गप्प झालेली दिसली, तर त्यांना जेवायला घेऊन जा.

हे वाचून झालं, की आज तीन गोष्टी करा. गाईडला तारखेसह एक ई-मेल लिहा. ज्याच्यासारखं काम करावंसं वाटतं, अशा एका माणसाला भेटीची वेळ मागा. आणि ज्या मित्राला ‘सबमिशननंतर भेटू’ असं सांगितलं आहे, त्याला या रविवारी बोलवा.